देवीच्या सरोवराने तक्रार कोठे नोंदवावी?

घटस्थापना आठ दिवसांवर आली की वऱ्हाडात आणि मराठवाड्यात घरोघरी ‘दसरा काढणे’ सुरू होते. वर्षभराच्या गोधड्या, पासोड्या, सतरंज्या नदीवर वा विहिरीवर जातात. फडताळे रिकामी होतात. उतरंडीची मडकी खाली येतात. देवघरातील तांब्यापितळेची उपकरणी चिंचेने उजळली जातात. या झाडलोटीचा एक विशेष आम्हांस दरवर्षी नव्याने जाणवतो. ती कोणाच्या तक्रारीवरून होत नाही. आढ्याला कोळिष्टक लागले आहे असे एखाद्या पाहुण्याने दाखवून द्यावे आणि मगच गृहिणीने केरसुणी हाती घ्यावी, अशी आपल्या घरांची रीत नाही. पंचांगातील तिथी हीच तिला पुरेशी सूचना असते. जो कोपरा स्वच्छ दिसतो तोही त्या दिवशी झाडला जातो. कारण तो खरोखर स्वच्छ आहे की नाही, हे तेथे हात घातल्यावाचून कळावयाचे कसे?

घराबाहेर पाऊल टाकले की मात्र हा न्याय उलटतो. गटार तुंबले, नाल्यावर भिंत आली, रस्त्यात मांडव उभा राहिला, रात्री अकरानंतरही भोंगा वाजत राहिला, तर पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : तक्रार आली आहे काय? आली असेल तर ती आवक नोंदवहीत चढते, तिला क्रमांक मिळतो, निरीक्षक पाहणीस जातो, पंचनामा होतो, नोटीस निघते. आली नसेल तर सर्व काही ठीक आहे असे गृहीत धरले जाते. आपल्या राज्यात तक्रारीसाठी द्वारे कमी नाहीत. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन भरतो. ‘आपले सरकार’ संकेतस्थळ आहे. केंद्राचे ‘स्वच्छता’ ॲप आहे. या सोयी चांगल्या आहेत आणि त्यांचा उपयोग झालाही आहे. परंतु या साऱ्या सोयींचा आधार एकच आहे. ज्याला त्रास होतो त्याला वाचा आहे, आणि ती वापरण्याचे धैर्य व सवड त्याच्यापाशी आहे, हे त्यांनी आधीच धरून ठेवलेले असते.

ज्याला वाचा नाही त्याचे काय? नवरात्राच्या निमित्ताने हा प्रश्न विचारण्यास आपल्या बुलढाणा जिल्ह्याइतके योग्य स्थळ दुसरे नाही. लोणारच्या सरोवराकाठी कमळजा देवीचे प्राचीन मंदिर आहे. नवरात्रात तेथे यात्रा भरते. माहेरवाशिणी कड्यावरून उतरून ओटी भरावयास जातात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटर खोलीचे हे विवर बेसॉल्टच्या कठीण खडकात अशनीच्या आघाताने झाले, हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निर्विवाद ठरले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये त्यास राष्ट्रीय भूवारसा स्मारक मानले. सन २००० मध्ये विवराचा परिसर अभयारण्य झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत त्याची गणना झाली. लोणार गाव आहे ते या विवराच्या अगदी काठावर. गावात दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध देऊळ, काठावर गोमुखातून अखंड पडणारी धार, खाली सरोवराभोवती राने आणि रानात विखुरलेली शिवालये. एवढ्याशा भूमीवर देवतांची आणि सृष्टीच्या नवलांची इतकी दाटी क्वचितच आढळेल.

सरोवराचा एक धर्म मात्र यात्रेकरूंच्या सहसा ध्यानात येत नाही. त्यास बाहेर पडण्याची वाट नाही. नदीत टाकलेली घाण निदान पुढे वाहून जाते, आणि आपण पुढच्या गावाचा विचार करीत नाही ही गोष्ट वेगळी. लोणारच्या पाण्यातून केवळ वाफ वर जाते. जे आत पडले ते आतच राहते. याच कारणाने युगानुयुगे ते पाणी खारट आणि अतिशय क्षारयुक्त झाले, आणि त्या क्षारातच जगणारी सूक्ष्म जीवसृष्टी तेथे वाढली. अशा बंद कुंडाच्या काठावर गाव वाढत गेले. गावचे सांडपाणी ओघळीनाल्यांनी सरोवरात उतरते, वरच्या शेतांतील खतांचे पाणी पावसाबरोबर येते, धारेवर साबणाने स्नाने व धुणी होतात, वेडी बाभूळ काठ व्यापते, ही गाऱ्हाणी जुनी आहेत. ती निवारण्याचे कायदेही जुने आहेत. जलप्रदूषण प्रतिबंधाचा अधिनियम १९७४ चा. नगरपरिषदांचा अधिनियम १९६५ चा. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांत नवे बांधकाम होऊ नये व त्यापुढील दोनशे मीटरांत अनुमतीवाचून होऊ नये, हा दंडक २०१० च्या दुरुस्तीने थेट अधिनियमात आला. कायद्यांची वाण नाही आणि रक्षणकर्त्यांचीही नाही. अभयारण्य वन विभागाचे, देवळे पुरातत्त्व सर्वेक्षणाची, गाव नगरपरिषदेचे, जमिनीची दफ्तरे महसूल विभागाची, पाण्याची शुद्धता प्रदूषण नियंत्रण मंडळाची. पाच राखणदार असलेल्या वाड्यात चोर निर्धास्त असतो, कारण प्रत्येक राखणदारास वाटते की आवाज झाला तर दुसरा हाक मारीलच.

ती हाक अखेर नागपुरात ऐकली गेली. सरोवराच्या संरक्षणासाठी २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. तेव्हापासून सांडपाण्याचा बंदोबस्त, वेडी बाभूळ काढणे, अतिक्रमणे, विकास आराखडा अशा कित्येक बाबींवर न्यायालयास वेळोवेळी आदेश द्यावे लागले. जे काम काठावरून फेरी मारणाऱ्या निरीक्षकाच्या दैनंदिनीत असावयाचे, ते शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या न्यायासनापुढे शपथपत्रांच्या रूपाने जाऊन पोहोचले. आम्ही याचिकाकर्त्यांस दोष देत नाही. त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. परंतु एका गावचा नाला कोठे वाहतो हे ठरविण्यास उच्च न्यायालय लागावे, ही स्थिती तक्रारीवर चालणाऱ्या कारभाराची अंतिम परिणती होय.

पुढे जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. देशोदेशींच्या वृत्तपत्रांत त्याची चित्रे आली, शास्त्रज्ञ धावले, न्यायालयाने विचारणा केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत असे दिसून आले की, पाणी आटून खारटपणा वाढल्याने त्यात मिठावर जगणारे विशिष्ट सूक्ष्मजीव फोफावले व त्यांच्या रंगद्रव्याने हा रंग आला. म्हणजे हा बदल निसर्गाचाच होता. सांडपाण्याचा तो पुरावा नव्हता. आता गंमत पाहावी. जे निरुपद्रवी होते त्याने रंग धारण केला म्हणून सर्वांचे डोळे तिकडे वळले. जे अपायकारक आहे ते सांडपाणी रंगाचा डंका न पिटता वर्षानुवर्षे उतरत राहिले. तक्रारीच्या मार्गाने चालणारे शासन डोळ्यांना दिसेल त्याच्याच मागे धावते. २०२५ मध्ये तर उलट प्रकार घडला. सरोवराची पातळी वाढून देवीच्या मंदिर परिसरात पाणी शिरल्याच्या वार्ता आल्या आणि पुन्हा सर्वांची धावपळ झाली. पाणी एका रात्रीत चढत नाही. दर पंधरवड्यास पातळी मोजून ती गावातील फलकावर लिहिली जात असती, तर देवीच्या उंबरठ्याशी येईपर्यंत त्याची वार्ता व्हावयाची थांबली नसती.

भाविक वाचकांस येथे भागवताच्या दशम स्कंधाचा आरंभ आठवेल. दैत्यांच्या भाराने त्रस्त झालेली पृथ्वी गायीचे रूप घेऊन ब्रह्मदेवाकडे गेली आणि मग देवांनी श्रीविष्णूची प्रार्थना केली. तेव्हा तक्रार करण्याची परंपरा पुराणसिद्ध आहे असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. तथापि त्या कथेतील एक बारकावा पाहावा. पृथ्वीस पृथ्वी म्हणून बोलता आले नाही. तिला गायीचे रूप घ्यावे लागले. लोणारच्या स्थानिक कथेत भगवंताची रीत निराळी आहे. लवणासुर भूमीखाली दडून बसला होता. दैत्यसूदन स्वतः त्याचा ठाव शोधीत आला, त्याच्या भगिनींकडून दडण्याची जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवून दिले. ते झाकण दूर जाऊन पडले आणि असुराच्या रक्ताचे ते खारे पाणी झाले, असे लोक सांगतात. दडलेल्याचा शोध घ्यावा लागतो, तो आपण होऊन नोंदवहीत नाव घालावयास येत नाही, हे त्या कथाकारास चांगले ठाऊक असावे.

सरोवर मुके आहे म्हणून हा प्रश्न उद्भवतो, माणसांच्या बाबतीत तो नाही, असेही समजण्याचे कारण नाही. लहान गावात तक्रार करणे म्हणजे काय असते ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध ती करावयाची तो, दोघांचे दार एकाच गल्लीत. दोघांच्या मुली एकाच भोंडल्यात. एकाच्या घरचे कार्य दुसऱ्याच्या चुलीवाचून पार पडत नाही. आमच्या माहितीतील एका गावी अंथरुणास खिळलेल्या वृद्ध मातेसाठी तिच्या मुलाने मांडवातील भोंग्याविषयी ठाण्यात शब्द टाकला. भोंगा त्या रात्री बंद झाला. पण तक्रार कोणी केली हे सकाळपर्यंत गल्लीत सर्वांस ठाऊक झाले होते. त्या घरी त्या वर्षी दसऱ्याचे सोने द्यावयास कोणी आले नाही. पुढील वर्षी भोंगा पुन्हा वाजला आणि तक्रार आली नाही. कागदोपत्री पाहणाऱ्यास वाटावे, गाव सुधारले.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत ही अडचण मुळातच आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून १५ दिवसांपर्यंत उत्सवासाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास. वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. मर्यादा १० डेसिबलांनी वा अधिक ओलांडली गेली, किंवा रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाला, तर कोणाही व्यक्तीस प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येईल असे नियमच सांगतो. म्हणजे डेसिबलांचा हिशेब शेजाऱ्याने ठेवावयाचा, आणि वैरही त्यानेच पत्करावयाचे.

ठाण्याच्या एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जे आदेश दिले व ऑगस्ट २०१६ मध्ये जो विस्तृत निकाल दिला, त्याचे महत्त्व आम्हांस या ठिकाणी वाटते. ध्वनिक्षेपक हा धर्माचा आवश्यक भाग नव्हे, हे त्यातील वाक्य पुष्कळ गाजले व त्यावर वादही झाले. पण त्याच प्रकरणातील दुसरी गोष्ट फारशी चर्चिली गेली नाही. उत्सवापूर्वी सात दिवस आधीपासून तहसीलदारांसह अधिकाऱ्यांची पथके मांडवांच्या जागी जाऊन पाहणी करतील, परवानगी आहे की नाही व रस्ता किती अडला आहे हे पाहतील, अशी व्यवस्था न्यायालयाने घालून दिली. तक्रारदाराचे नाव उघड करू नये असेही बजावले. जानेवारी २०२५ मधील एका निकालात त्याच न्यायालयाने हे दुसरे सूत्र पुन्हा ठासून सांगितले. न्यायासनाने येथे जे ओळखले ते असे की, उत्सव सुरू झाल्यावर मांडव हटविणे म्हणजे मूर्तीला हात लावण्यासारखे होते. तो रस्ता सोडून चार हात मागे उभारा असे आठ दिवस आधी सांगणे म्हणजे केवळ सुतारास दिलेली सूचना असते. वेळेवर आलेल्या निरीक्षकामुळे भाविकाचा आणि कायद्याचा संघर्षच टळतो. भावना दुखावल्या जातात त्या बहुधा उशिरा जाग आलेल्या शासनामुळे.

असे असूनही आपल्या समाजास दारात आलेला सरकारी मनुष्य आवडत नाही, आणि त्याला इतिहास आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ पसरली तेव्हा प्लेग समितीचे प्रमुख रँड यांनी जे केले ते न बोलावता केलेल्या तपासणीचेच एक रूप होते. तक्रारीची वाट त्यांनी पाहिली नाही. गोरे शिपाई घराघरांत शिरले, माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरातही गेले. स्त्रीपुरुषांची अप्रतिष्ठा झाली, चीजवस्तू जाळल्या गेल्या. रोग खरा होता, शोध घेण्याची गरजही खरी होती. पण लोकमान्यांनी ‘केसरी’त ज्याचा निषेध केला तो जुलूमही खरा होता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्या झडल्या आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. तेव्हापासून मराठी मनात तपासणी या शब्दास बुटांचा आवाज चिकटला आहे. अतिक्रमण हटाव मोहिमेची गाडी बाजारात शिरली की आजही तोच आवाज ऐकू येतो. मोहीम निघते ती बहुधा कोणी थोर पाहुणा येणार म्हणून, आणि तिचा पहिला फटका बसतो तो देवळाच्या वाटेवर नारळ, हळदकुंकू, खण विकणाऱ्या बाईच्या पाटीला. नाल्यावर तीन मजले चढविणाऱ्याची फाईल मात्र ‘विचाराधीन’ असते. फेरीवाल्यांसंबंधीच्या २०१४ च्या अधिनियमाने आधी सर्वेक्षण करा, तोवर कोणास हटवू नका, आणि निदान पाच वर्षांनी एकदा पुन्हा सर्वेक्षण करा, असे सांगितले ते याच अनुभवावरून. त्या अधिनियमाची आठवण मोहिमेच्या दिवशी किती अधिकाऱ्यांस असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

परंतु न बोलावता दारात येणारा आणखी एक सरकारी मनुष्य आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे आणि त्याच्याविषयी कोणी कटू बोलल्याचे आमच्या ऐकिवात नाही. १९५८ मध्ये राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. त्यातील कर्मचारी पंधरवड्यास घरोघर फिरत असे. खांद्याला पिशवी, पायांत धुळीने माखलेल्या चपला. तो उंबऱ्याबाहेर उभा राही आणि एकच प्रश्न विचारी : घरात कोणास ताप आहे काय? असल्यास बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई, गोळ्या देई, आणि जाताना दाराशेजारच्या भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करी. पाटलाच्या वाड्यावर तीच चौकट, शेवटच्या झोपडीवरही तीच. आमच्या लहानपणी त्या तारखा वाचण्याचा आम्हांस छंद होता. एखादा पंधरवडा रिकामा गेला तर घरातील म्हातारे माणूस म्हणे, ‘या खेपेला हिवतापवाला आला नाही वाटतं.’ या उद्गारात सर्व काही आले. तपासणारा लोकांस तपाशीत होता आणि लोक त्याला. भिंतीवरची तारीख त्याच्या कामाची नोंद होती, ती कचेरीच्या कपाटात नव्हती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होती.

रँड आणि हिवतापवाला, दोघेही तक्रारीची वाट न पाहता आले. एक ठरलेल्या दिवशी आला, दुसरा केव्हाही. एकाने प्रत्येक दारी तोच प्रश्न विचारला, दुसऱ्याने मनास येईल ते उचकले. एकाने नोंद मागे ठेवली, दुसऱ्याने दहशत. नगरांच्या नियमांचा अंमल तक्रारीवर चालावा की पाहणीवर, या वादात हा भेद हरवतो असे आम्हांस वाटते. तक्रारीचा पक्ष घेणारे रँडकडे बोट दाखवितात आणि पाहणीचा पक्ष घेणारे त्याचे उत्तर देत नाहीत.

आणखी एक आक्षेप आहे व तो वजनदार आहे. माणसे कोठून आणावयाची? बुलढाणा जिल्ह्यात ११ नगरपरिषदा आणि मोताळा व संग्रामपूर या दोन नगरपंचायती आहेत. लहान नगरपरिषदेत एकाच स्वच्छता निरीक्षकाच्या माथी केरकचरा, मोकाट जनावरे, नाले, शौचालये आणि वर निवडणुकीच्या याद्या असतात. त्याला सर्व गाव फिरावयास सांगणे म्हणजे गोवर्धन एकट्या पेंद्याच्या काठीवर तोलण्यासारखे होय. तक्रार निदान कोठे जावयाचे ते सांगते. हे मान्य करूनही एक विचारावेसे वाटते. तक्रारीमागे धावण्यात जो वेळ जातो तो कमी असतो काय? एका बेकायदा भिंतीवर अर्ज, स्मरणपत्र, पंचनामा, नोटीस, अपील, स्थगिती, आणि शेवटी न्यायालयात शपथपत्र, यांत जितके दिवस खर्ची पडतात तितक्यांत पाया खणताना चार वेळा फेरी होऊन जाते. शिवाय परदेशांतील नगरांचा अनुभव आहे की, जेथून तक्रारी अधिक येतात तेथे दोष अधिक असतात असे नाही. तेथे बोलू शकणारी माणसे अधिक असतात. शिकलेल्या वस्तीचा दिवा लगेच लागतो, मजुरांच्या वस्तीतील नळ फुटलेलाच राहतो, आणि नकाशावर मात्र पहिली वस्ती अधिक आजारी दिसते. न्यूयॉर्कने २०१० पासून उपाहारगृहांची ठराविक पाहणी करून त्यांच्या दारावरच अक्षरांत प्रत लावण्यास आरंभ केला. तो हिवतापवाल्याच्या चौकटीचाच भाऊ म्हणावयाचा.

आपल्याकडे याहून जुने व जवळचे उदाहरण आहे. गाडगेबाबा एखाद्या गावी कीर्तनास आले की प्रथम हाती खराटा घेऊन गाव झाडीत, कीर्तन रात्री. गावात घाण आहे अशी पत्रिका त्यांना कोणी धाडलेली नसे. त्यांच्या नावाने राज्य शासनाने २०००-०१ पासून जे ग्रामस्वच्छता अभियान चालविले त्याचा गाभाही हाच होता. गुण कशाला मिळणार ते आधी ठाऊक, समिती येणार ते ठाऊक, आणि सर्व गावांस एकच माप. अभियान संपल्यावर कित्येक गावे पूर्ववत झाली हेही खरे आहे. समितीची भेट वर्षातून एकदाच असली की गाव त्या दिवसापुरते नटते.

शेगावी श्रीगजानन महाराजांच्या मंदिरात दुसरी तऱ्हा दिसते. तेथे गावोगावचे सेवेकरी पाळीपाळीने येतात आणि विनावेतन सेवा करतात. फरशीवर कागदाचा कपटा पडला तर तो कोणी दाखवावा लागत नाही. पुसणारा जवळच उभा असतो. ऋषिपंचमीच्या किंवा प्रकटदिनाच्या गर्दीतही तो क्रम मोडत नाही. मात्र मंदिराच्या आवाराबाहेरील रस्ते, अतिक्रमणे आणि विकास आराखडा यांचा प्रश्न त्याच शेगावात उच्च न्यायालयापर्यंत गेला. एकाच गावात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंस, कारभाराच्या दोन रीती समोरासमोर पाहावयाच्या असतील तर शेगावास जावे. आतील माणसे भाविक आणि बाहेरील अभाविक असे काही नाही. दर्शन घेऊन बाहेर पडलेला तोच भाविक केळीची साल रस्त्यावर टाकतो. आत त्याच्याकडे पाहणारे कोणी आहे, बाहेर नाही.

नगरपरिषदांत २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या. त्यापूर्वी कित्येक वर्षे प्रशासकांचा कारभार होता, आणि ज्या नगरसेवकाच्या ओट्यावर बसून लोक गाऱ्हाणी सांगत ती ओटीच रिकामी होती. आता ओटे पुन्हा भरले आहेत. नव्या सदस्यांकडे लोक तक्रारी घेऊन जातील, जावेही. पण लोणारच्या सदस्यांकडे सरोवर जाणार नाही, कमळजा देवीही जाणार नाही. त्यांच्या वतीने करावयाचे काम फार अवघड आहे असे आम्हांस वाटत नाही. विवराच्या काठाने एक फेरी घातली तर ती जेमतेम सहा किलोमीटरांची होते. भाविक मनुष्य तिला प्रदक्षिणा म्हणेल. नगरपरिषदेच्या निरीक्षकाने व वन विभागाच्या वनरक्षकाने मिळून ठरलेल्या तिथीस ती घालावी. कोणता ओघळ आत उतरतो, त्यात पावसाचे पाणी आहे की मोरीचे, कोठे नवा पाया खणला गेला, पाण्याची रेघ कोठवर आली, एवढे चार प्रश्न दर वेळी तेच विचारावेत, आणि उत्तरे तारखेसह धारेच्या वाटेवर, जेथून प्रत्येक यात्रेकरू जातो तेथे, फलकावर खडूने लिहावीत. गरीब विक्रेतीच्या पाटीपासून आरंभ करू नये. मोठ्या नळापासून करावा.

आणि दसरा काढणाऱ्या आमच्या भगिनींसही एक विनंती आहे. गोधड्या धारेवर नेऊन साबणाच्या चुऱ्याने धुतल्या की घर स्वच्छ होते, पण तो फेस उताराने देवीच्या पायाशीच जाऊन पोहोचतो. तेथून त्यास पुढे वाट नाही. त्या चार बादल्या पाणी घरच्या परसात, लिंबाच्या आळ्याजवळ ओतावे. फलकावर पहिली तारीख घटस्थापनेच्या आदल्या दिवसाची पडावी आणि दुसरी कोजागरीनंतरची, यात्रा उठून गेल्यावर, जेव्हा काठावर पाहण्यास दुसरे कोणी उरलेले नसते.